बोगदा झाल्यावर रहस्यकथेचं काय होतं? (सिग्लुफ्योर्दुर आणि इतर बर्फाळ गावं)

निशिगंधा (धागाकर्ती)

मंडळी, राग्नार योनासन या आइसलँडच्या लेखकाचं 'स्नोब्लाइंड' इंग्रजी अनुवादातून नुकतंच वाचून संपवलं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी, रहस्य न फोडता थोडक्यात. आइसलँडच्या अगदी उत्तरेला सिग्लुफ्योर्दुर नावाचं खरंखुरं गाव आहे. वस्ती जेमतेम बाराशे. तीन बाजूंनी कडे, चौथ्या बाजूला समुद्र. २००८ साली देशातल्या बँका बुडाल्यानंतरच्या हिवाळ्यात आरी थोर नावाचा विशीतला मुलगा पोलिसाची पहिली नोकरी मिळाली म्हणून रेक्याविकहून तिथे जातो. आधी धर्मशास्त्राचं शिक्षण घेऊन ते अर्धवट सोडलेलं, त्यामुळे गाववाले त्याला 'पाद्रीबुवा' म्हणून हाक मारतात. गावच्या हौशी नाटक मंडळीतले एक वयोवृद्ध लेखक नाट्यगृहात पडून दगावतात, एक तरुणी बर्फात अर्धनग्न, बेशुद्ध सापडते, आणि हिमस्खलनाने रस्ता बंद होतो. इथे कोणी दाराला कुलूप लावत नाही, आणि आता कोणी बाहेरही जाऊ शकत नाही.

माझा प्रश्न असा. हे पुस्तक तिकडे २०१० साली आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गावाला जोडणारा हेदिन्सफ्योर्दुरचा बोगदा सुरू झाला. एक ३.९ किलोमीटरचा आणि एक ७.१ किलोमीटरचा, असे दोन बोगदे. म्हणजे जी बंद खोली लेखकाने रचली तिचं दार सरकारने उघडलं! मग अशा कथांमधलं मला नक्की काय आवडतं? अडकलेपण? बर्फ? की आणखी काही? बर्फ आणि बंद रस्ता काढून घेतला तर ही साधी 'कोणी केलं' कथाच उरते का?

आणि एक व्यावहारिक शंका: पुढचं कुठलं वाचू? इंग्रजीतला क्रम काही कळत नाहीये.

---

चष्मिष्ट

छान धागा. शंकेचं आधी सांगतो, कारण मी स्वतः फसलो होतो. इंग्रजीत 'स्नोब्लाइंड'नंतर लगेच 'नाइटब्लाइंड' काढलं, पण मूळ आइसलँडिकमध्ये ते २०१४ चं आहे. मधली तीन पुस्तकं उडी मारून गेली. मूळ क्रम 'स्नोब्लाइंड', 'ब्लॅकआउट', 'रप्चर', 'व्हाइटआउट', मग 'नाइटब्लाइंड', आणि २०२० चं 'विंटरकिल'. आरी थोर आणि त्याची मैत्रीण क्रिस्टिन यांचं काय होतं हे आधीच कळायला नको असेल तर हाच क्रम धरा.

---

जुनाट_वाचक

माझं मत सरळ आहे. बर्फ हा फक्त पडदा आहे. ॲगाथा ख्रिस्तीने बेट घेतलं, अडकलेली आगगाडी घेतली, यांनी गाव घेतलं. राग्नारने वयाच्या सतराव्या वर्षापासून ख्रिस्तीची चौदा पुस्तकं आइसलँडिकमध्ये आणली आहेत, त्यामुळे ती चौकट त्याच्या हातात मुरलेली आहे. मोजके संशयित, बंद जागा, जुनं पाप. तेवढ्यासाठी उत्तर ध्रुवापर्यंत जायची गरज नाही.

---

त्रोम्सोकर

जुनाटकाका, इथे मी भांडणार. मी नॉर्वेत त्रोम्सोला सात वर्षं आहे. इथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. दुपारी बाराच्या सुमारास दोनेक तास निळसर उजेड, मग पुन्हा रात्र. पहिल्या वर्षी मला वाटायचं, मी आजारी आहे. झोप येते, पण झोप लागत नाही. सोप्या गोष्टी आठवत नाहीत. शेजारच्या बाईंनी न विचारता दारात कॉड लिव्हर ऑइलची बाटली आणून ठेवली आणि म्हणाल्या, "रोज एक चमचा, आणि दुपारी बाहेर पड, काही दिसलं नाही तरी."

आरी थोरला बर्फात जो श्वास कोंडल्यासारखा होतो, तो पडदा नाही हो. त्या अवस्थेत माणूस चुकीचा निर्णय घेतो, चुकीच्या माणसाजवळ जातो. पोलीसही त्यातून सुटत नाही. कथानक तिथूनच निघतं.

---

रानवारा

त्रोम्सोकर, प्रतिसाद आवडला. म्हणजे सिग्लुफ्योर्दुरलाही दोन महिने रात्रच असते का?

---

त्रोम्सोकर

नाही, आणि हा फरक मजेशीर आहे. ते गाव आर्क्टिक वृत्ताच्या किंचित खाली आहे. सूर्य तिथे उगवतो, पण डोंगराआड. नोव्हेंबरच्या मध्यापासून २८ जानेवारीपर्यंत गावात ऊन पडत नाही. वर आकाशात उजेड दिसतो आणि तुम्ही सावलीत. मला तर हे ध्रुवीय रात्रीपेक्षा जास्त छळणारं वाटतं. २८ जानेवारीला ऊन परत येतं तेव्हा घरोघरी 'सूर्याचे पॅनकेक' करतात. आमच्याकडे २१ जानेवारीला सूर्यदिन, त्या दिवशी आत जॅम भरलेले गोल बन. पहिल्या वर्षी मी चार खाल्ले आणि रडलो.

---

वैद्यबुवा

धाग्यात बर्फातल्या तरुणीचा उल्लेख आलाय म्हणून. पुस्तकातल्या घटनेबद्दल काही सांगत नाही, पण एक वैद्यकीय गोष्ट या प्रकारच्या कथा वाचणाऱ्यांना माहीत असावी.

थंडीने मरणाऱ्या माणसाच्या शरीराचं तापमान फार खाली गेलं की त्वचेच्या आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात. आतलं गरम रक्त त्वचेकडे धावतं आणि माणसाला अंग भाजल्यासारखं वाटतं. तो बर्फात स्वतःचे कपडे काढून फेकतो. काही जण त्यानंतर सरपटत एखाद्या पलंगाखाली, कपाटामागे, झुडपात शिरतात. दुसऱ्या दिवशी पोलिसांना दिसतं काय? विवस्त्र देह, विखुरलेले कपडे, अंगावर खरचटल्याच्या खुणा, कुठेतरी कोंबल्यासारखं पडलेलं शरीर. सरळ अत्याचार आणि खुनाचा संशय येतो, आणि गुन्हा मुळी घडलेलाच नसतो.

मृत्यूची वेळ काढणंही अवघड. 'तासाला अमुक अंश' हा ठोकताळा बर्फात कोलमडतो. शवावर गुरुत्वाकर्षणाने रक्त साचून जे डाग पडतात ते एरवी जांभळट असतात, थंडीत गुलाबी दिसतात. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेतही तसेच दिसतात. म्हणजे डागांच्या रंगावर विसंबलेला डॉक्टर सहज चुकू शकतो. त्यामुळे 'बर्फ फक्त पडदा' हे मला पटत नाही. बर्फ पुराव्यात ढवळाढवळ करतो.

---

त्रोम्सोकर

वैद्यबुवा, तुमच्या लोकांची म्हण आहे ना, ऊब देऊनही माणूस उठला नाही तरच तो मेला समजायचं. इथल्या रुग्णालयात १९९९ मध्ये आना बोगेनहोल्म या डॉक्टर तरुणीला आणलं होतं. नार्विकजवळ स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात बर्फाखाली अडकली, ८० मिनिटं. शरीराचं तापमान १३.७ अंश. हृदय बंद. ती जगली, आणि नंतर त्याच रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करू लागली.

---

वैद्यबुवा

हो, ती केस आम्हाला शिकवतात. १३.७ हा आकडा ऐकून वर्गात एकदम शांतता पसरते.

---

माई_पुणे

थोडं अवांतर. त्रोम्सोकर, तिकडे ईस्टरला सगळे रहस्यकथा वाचतात हे खरं का? माझी सून ऑस्लोला आहे. ती म्हणते दुधाच्या खोक्यावर पण खुनाची गोष्ट असते. मला वाटलं चेष्टा करतेय.

---

त्रोम्सोकर

अगदी खरं आहे माई. 'पोस्केक्रिम' म्हणतात, ईस्टरची गुन्हेकथा. लोक डोंगरातल्या लाकडी झोपड्यांत जातात. दिवसा बर्फात स्की, संध्याकाळी संत्री, चॉकलेट आणि खून. दुधाच्या खोक्यावर छोटी चित्रकथा छापतात.

याची सुरुवात १९२३ मध्ये झाली. दोन तरुण विद्यार्थ्यांनी टोपणनावाने एक कादंबरी लिहिली, बर्गनची आगगाडी लुटल्याची. प्रकाशकाने ईस्टरच्या आधी 'आफ्टनपोस्टन' या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात दिली, पण बातमीच्या मथळ्यासारखी: 'बर्गनची गाडी रात्री लुटली!' ज्यांची माणसं त्या गाडीत होती ते घाबरून चौकशी करायला लागले. पुस्तक धडाधड खपलं आणि प्रथा पडली.

---

माई_पुणे

अगं बाई! सूनबाईंची माफी मागते आज.

---

पाटी_पेन्सिल

आणखी एक अवांतर. 'योनासनचं पुस्तक' असं तिकडे कोणी म्हणणार नाही. योनासन हे आडनाव नाहीच, 'योनासचा मुलगा' इतकाच अर्थ. मुलगी असती तर योनासदोत्तिर. फोनच्या यादीतही माणसं पहिल्या नावाने शोधायची. आपण मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव लावतो, तसंच, फक्त शेवटी आडनाव नाही. त्यामुळे निशिगंधाताई, 'राग्नारचं पुस्तक' म्हणा, बिनधास्त.

याचा कथेवर परिणाम होतो असं मला वाटतं. सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पोलिसांनाही. चौकशीला आलेला माणूस 'साहेब' होऊच शकत नाही.

---

केलाँगचा_अभियंता

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण बोगदा हा शब्द वाचून राहवलं नाही.

मी २०१२-१३ चा हिवाळा लाहौलमध्ये केलाँगला काढला. मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम होतं. तेव्हा अटल बोगदा झालेला नव्हता (तो सुरू झाला ३ ऑक्टोबर २०२० ला, लांबी ९.०२ किलोमीटर). रोहतांग खिंड बंद झाली की लाहौल मनालीपासून तुटायचं. आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट बघावी लागायची, तीही हवामान बरं असेल तर. मी सोलापूरचा, मला बर्फ म्हणजे फक्त गोळ्याचा माहीत.

पहिली गोष्ट शिकलो ती ही की ताज्या बर्फात काहीच लपत नाही. सकाळी उठून गल्लीत बघितलं की रात्री कोण कोणाकडे गेलं, किती वाजता गेलं (पाऊल किती बुजलंय त्यावरून), एकटं परतलं की दुकटं, सगळं लिहिलेलं. माझ्या घरमालकीणबाई चहा पिता पिता ते वाचायच्या, जसं आपण पेपर वाचतो.

जानेवारीत आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीच्या छपरावरची लाकडं कमी व्हायला लागली. छपरावर लाकडं रचून ठेवतात तिथे, ते हिवाळ्याचं जळण. रोज चार-पाच ओंडके. तिथे ही लहान चोरी नाही, एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. पावलं कुठे जातात हे सगळ्यांना दिसत होतं. मलाही. आणि कोणीही एक शब्द बोललं नाही. मी घरमालकीणबाईंना विचारलं, सांगत का नाही कोणी? त्या म्हणाल्या, "अजून तीन महिने याच गल्लीत राहायचंय. भांडण झालं तर तो जाणार कुठे, आणि आपण तरी कुठे जाणार?" गल्लीतल्या प्रत्येक घराने स्वतःच्या रचीतून म्हातारीच्या छपरावर गुपचूप लाकडं ठेवायला सुरुवात केली. मी पण ठेवली. मे महिन्यात रस्ता मोकळा झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्या माणसाला चार ज्येष्ठांनी बोलावून घेतलं. तोवर थांबले होते सगळे.

म्हणून मला वाटतं, शहरातल्या रहस्यकथेत 'कोणी केलं' हा प्रश्न असतो. अशा गावात बहुतेकांना ते माहीत असतं. कोण किती दिवस गप्प राहतं, हा खरा प्रश्न.

---

निशिगंधा

केलाँगचा_अभियंता, अंगावर काटा आला. आरी थोरला गावात हेच जाणवतं असं आता वाटतंय. तो विचारतो, लोक कॉफी देतात, गोड बोलतात, आणि हवं ते सोडून सगळं सांगतात.

---

जुनाट_वाचक

मी थोडा मागे सरकतो. लाकडांची गोष्ट ऐकल्यावर 'पडदा' हा शब्द मागे घेतो. पण मग बोगद्याचा प्रश्न आणखी टोकदार झाला की नाही? अटल बोगद्यानंतर ती म्हातारी आणि तो माणूस, दोघंही हिवाळ्यात मनालीला जाऊ शकतात.

---

केलाँगचा_अभियंता

जाऊ शकतात, आणि पुष्कळ जण जातातही. पण काका, २०२२ मध्ये मी परत गेलो होतो. त्या माणसाच्या मुलाच्या लग्नात म्हातारी पहिल्या रांगेत बसली होती. रस्ता झाला म्हणून माणसं एकमेकांना विसरत नाहीत.

---

धुकं

आइसलँडचीच एक खरी केस सांगते, कारण ती या चर्चेत चपखल बसते. १८२८ मध्ये उत्तरेकडच्या इलुगास्तादिर या शेतघरात नातान केटिलसन आणि आणखी एकाचा खून झाला, घराला आग लावली. आग्नेस माग्नुसदोत्तिर आणि फ्रिद्रिक सिगुर्दसन यांना १२ जानेवारी १८३० ला कुऱ्हाडीने देहदंड दिला. आइसलँडमधला तो शेवटचा मृत्युदंड.

यातले दोन तपशील मला विसरता येत नाहीत. एक, देशात धड तुरुंग नव्हता, म्हणून आग्नेसला एका शेतकरी कुटुंबाच्या घरात ठेवलं होतं. म्हणजे शिक्षेची वाट बघत ती त्यांच्याबरोबर जेवत होती, त्यांच्यातच झोपत होती. दुसरा, कुऱ्हाड चालवायला जो माणूस पुढे आला तो मेलेल्या नातानचा सख्खा भाऊ होता. दोन्ही मुंडकी खांबांवर लावली, ती कोणीतरी रात्रीत काढून पुरली, आणि तब्बल १९३४ मध्ये त्यांचे अवशेष चर्चच्या आवारात नेऊन पुरले.

मारलेला, मारणारी, शिक्षा देणारा, आसरा देणारे, सगळे एकाच पंचक्रोशीतले. हॅना केंट या ऑस्ट्रेलियन लेखिकेने यावर कादंबरी लिहिली आहे, २०१३ ची, 'बरियल राइट्स'. तिच्यात हिवाळा जसा उतरलाय तसा मी दुसरीकडे वाचला नाही.

---

चष्मिष्ट

धुकं, वाचनखूण साठवली. गप्प राहण्याची दुसरी, भयंकर बाजू म्हणजे १९७४ चं गुद्मुंदुर आणि गेइरफिन्नुर प्रकरण. दोन माणसं त्याच वर्षी वेगवेगळ्या वेळी बेपत्ता झाली, मृतदेह कधीच सापडले नाहीत. काही तरुण-तरुणींना पकडून महिनोन्महिने एकांतवासात ठेवलं, आणि त्यांनी न केलेल्या खुनांचे कबुलीजबाब दिले. काहींना तर स्वतःच्याच आठवणींवर विश्वास उरला नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच जणांना निर्दोष ठरवलं. तोवर दोघे मरण पावले होते.

छोट्या देशात गुन्हा 'उलगडलाच पाहिजे' हा दबाव किती असतो बघा. रहस्यकथेत शेवटच्या प्रकरणात कबुलीजबाब आला की मला आता हे आठवतं.

---

मालवणी_झिल

बर्फ सोडा, आमच्या वाडीत पावसाळ्यात साकव वाहून गेलो की हीच परिस्थिती. फक्त खून नाय, कोंबडी चोरी.

---

रानवारा

झिला, ती कोंबडीची गोष्ट वेगळ्या धाग्यावर येऊ दे, आम्ही वाट बघतो.

मला एक सांगायचंय. सगळे गावाला बर्फाने ओळखतायत, पण सिग्लुफ्योर्दुरचं खरं रहस्य हेरिंग मासा आहे. १९०३ मध्ये नॉर्वेजियन लोक आले आणि तिथे हेरिंग खारवायला लागले. शतकाच्या मध्याला गावात तीन हजारांवर वस्ती होती, आणि हंगामात कामाला येणाऱ्या मुली, खलाशी वेगळे. धक्क्यावर रात्रंदिवस पिंपं भरत. मग १९६८-६९ च्या सुमारास मासा नाहीसाच झाला. जास्त मासेमारी, थंड झालेलं पाणी. रिकामे गोदाम, रिकामी घरं. आज तिथे हेरिंगचं संग्रहालय आहे, त्याला २००४ मध्ये युरोपचा मिकेलेत्ती पुरस्कार मिळाला.

म्हणजे गावात एक अख्खी पिढी आहे जिने पैसा पाहिला आणि गेलेला पाहिला. कोणी कसा मिळवला, कोणी कोणाला फसवलं, कोणाचं पोर कोणाचं, हे सगळं त्या काळातलं. कोंडलेली कथा तिथून येते. बर्फ तिला फक्त वितळू देत नाही.

---

त्रोम्सोकर

रानवारा, शेवटच्या वाक्याबद्दल मानलं. पण बर्फाला इतकं गरीब समजू नका. १९१९ च्या एप्रिलमध्ये त्या परिसरात हिमस्खलनांनी १८ माणसं गेली, धक्क्यावरचा कारखाना समुद्रात लोटला. १९९५ मध्ये पश्चिमेकडे सूदाविकला १४ आणि फ्लातेयरीला २० माणसं गेली, तीही झोपेत. त्यानंतर देशभर गावांच्या वर बांध आणि कुंपणं उभारली. सिग्लुफ्योर्दुरच्या डोंगरावर आजही रांगाच्या रांगा दिसतात. बोगदा आला तरी उतार तिथेच आहे.

---

पाटी_पेन्सिल

'ट्रॅप्ड' ही मालिका कोणी पाहिली का? २०१५ ची. गोष्ट सेयदिसफ्योर्दुरची, पण चित्रीकरण बरंचसं सिग्लुफ्योर्दुरलाच. डेन्मार्कहून फेरीबोट येते, एका माणसाचं नुसतं धड सापडतं, वादळ सुरू होतं, रेक्याविकचे तपासनीस पोचू शकत नाहीत. तीन स्थानिक पोलिसांवर सगळं. आंद्री हा त्यातला मुख्य पोलीस मला फार आवडला. तो सतत थकलेला असतो आणि तरी सगळ्यांना घरी सोडायला जातो.

---

माई_पुणे

मी पाहिली. दोन रात्री झोप नाही. पण निशिगंधा, तुझ्या बोगद्याचं काय ठरलं मग?

---

निशिगंधा

माई, तीन दिवस झाले, सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले आणि मधल्या काळात 'ब्लॅकआउट' संपवलं. गंमत म्हणजे ते उन्हाळ्यातलं आहे! २०१० चा उन्हाळा, एयाफ्यात्लायोकुतल ज्वालामुखीची राख दक्षिणेत पसरलेली, आणि उत्तरेत मध्यरात्रीही उजेड. बर्फाचा कण नाही. तरीही तीच घुसमट. तिथे बंद रस्ता लागलाच नाही.

आता 'रप्चर' हातात घेतलंय. त्यातलं जुनं प्रकरण १९५५ सालचं, हेदिन्सफ्योर्दुरचं. म्हणजे ज्या निर्जन खाडीतून तो बोगदा जातो तीच. १९५१ पासून तिथे कोणी राहत नाही. गोष्टीत दोन जोडपी तिथे राहायला जातात आणि एक बाई मरते. बोगद्यामुळे जी खाडी आता गाडीतून दोन मिनिटांत मागे पडते, नेमकी तिथेच राग्नारने पन्नास वर्षं गप्प ठेवलेली गोष्ट पुरली आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे आधीच होतं.

साठ पानं झालीत. एक जुना फोटो आहे, त्यात चौघांखेरीज पाचवा माणूस दिसतो, हातात लहान बाळ घेतलेला.

---

चष्मिष्ट

बास, पुढे एक अक्षर नको. मी अजून वाचलेलं नाही, मी पण घेतोय वाचायला.

---

केलाँगचा_अभियंता

मी पण. पुढच्या रविवारपर्यंत कोणी तोंड उघडू नका.